किसनरावांच्या गाडीतलं वजन

मी जिनिंग फॅक्टरीत काट्यावर होतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे काही झालं त्याचं खापर शेवटी त्या काट्यावरच फुटलं. बावीस वर्षं कापसाच्या गाड्या मोजल्या. पुंडलिकराव हे माझं नाव फक्त रेशनकार्डावर. बाकी वर्ध्याजवळच्या आमच्या सगळ्या नालवाडीत मी काटेबाबू. किलोभराचा फरक मी कधी कोणाला करू दिला नाही. एकदा सख्ख्या साळ्याच्या गाडीतलं ओलं बोंड बाजूला काढून वजन केलं, तेव्हापासून तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. हिनं, म्हणजे अंजूनं, ते अजून मनात ठेवलंय. पण माणसाला कशाचा तरी अभिमान असावा लागतो, आणि माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

सत्त्याण्णवची दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या गल्लीत भैय्याजींचं हार्डवेअरचं दुकान, गल्लीतली पहिली केबल त्यांची आणि पहिली कोरी करकरीत मारुतीही त्यांचीच. एका संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावून टीव्हीसमोर बसवलं. कुठल्याशा परदेशात चोवीस तास मोटारी गोल गोल पळत होत्या.

"पाहा काटेबाबू, कसा अन्याय करून राह्यले!" भैय्याजी म्हणाले. "जे गाडी जास्त पळते तिच्यातच वजन टाकून राह्यले. म्हंजे सगळ्या बरोबरीत याव्या म्हनतात. आता सांगा, मी मेहनतीनं नवी गाडी घेतली अन् तिच्यात दगड भरले, तं मंग मी नवी घेतली काऊन?"

"नाई तं जुन्या गाडीवाल्यानं धावावंच कायले?" मी म्हणालो. वजनाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. "वजन टाकल्यावर माणसाची परीक्षा होते, पैशाची नाई."

वाद तिथंच संपला असता. पण मंदाबाई, म्हणजे भैय्याजींच्या सौभाग्यवती, चिवडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढं भांडून राह्यले तं आपल्या गनेश मंडळाचं पंचविसावं साल हाय, ठेवा ना शर्यत." चिवड्याच्या त्या बशीतून पुढचे तीन महिने बाहेर पडले.

ठरलं ते असं: माघी चतुर्थीची गर्दी ओसरली की दुसऱ्या रविवारी, नालवाडी ते केळझरचा गणपती आणि परत, अशा सहा तासांत जास्तीत जास्त फेऱ्या. जी गाडी वेगवान, तिच्यात वजन. आणि नियम लिहायचं काम माझ्याकडं, कारण काटा माझ्याकडं. गाड्या तीन. एक भैय्याजींची, दुसरी निकेशची प्रवासी वाहतुकीची जीप आणि तिसरी किसनरावांची आकाशी रंगाची जुनी फियाट. तीन गाड्यांसाठी मी अकरा नियम लिहिले.

सल्ल्याला बापूराव होते. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडं सायकलसुद्धा नव्हती, त्यामुळं ते निःपक्षपाती ठरले. त्यांनी प्रत्येक नियमाच्या शेवटी 'इत्यादी' लिहायला लावलं. "उद्या काई अडचन आली तं त्या इत्यादीत बसवता येते," असं ते म्हणाले. सातव्या नियमाचा मात्र मला आजही अभिमान आहे: वजन एकसंध असावं, सुटं चालणार नाही. सुटं वजन लोक वाटेत हळूच कमी करतात, हे मी बावीस वर्षं पाहत आलो आहे.

परवानगीचा अर्ज तीनदा परत आला. पहिल्यांदा 'शर्यत' शब्दामुळं. दुसऱ्यांदा मी 'स्पर्धा' लिहिलं, तर शर्यत आणि स्पर्धेत फरक काय ते लेखी मागितलं. तिसऱ्यांदा अर्जावर तिकीट डाव्या हाताला लावलं होतं, ते उजव्या हाताला हवं होतं. शेवटी बापूरावांनी स्वतःच्या अक्षरात 'श्रीगणेश दर्शन वाहनफेरी' असं लिहून दिलं आणि परवानगी मिळाली, या अटीवर की कोणीही ताशी चाळीसच्या वर जाऊ नये. म्हणजे शर्यत होती, फक्त जोरात जायची मनाई होती. मी जरा खट्टू झालो, पण तोवर मंडळाची पत्रकं छापून आली होती.

चौथ्या नियमाप्रमाणं आधी चाचणी होती. सेलूच्या रस्त्यावर चार किलोमीटर गाडी पळवायची, लागलेल्या वेळावरून मी वजन काढणार. एका टोकाला मी मनगटी घड्याळ घेऊन, दुसऱ्या टोकाला अंजू घरचं गजराचं घड्याळ घेऊन.

भैय्याजींच्या कोऱ्या गाडीला चार किलोमीटरला चौदा मिनिटं लागली. मधे एका दूधवाल्यानं दोन कॅन लटकवलेल्या सायकलवरून त्यांना मागं टाकलं, आणि जाता जाता "धक्का देऊ का मालक?" असं विचारलं. निकेशला सोळा मिनिटं लागली. त्यानं वाटेत उतरून संत्री घेतली होती, त्यातली दोन त्यानं मला दिली. ती मी नियमानुसार परत केली. "गाडी गरम होऊन राह्यली होती काटेबाबू, म्हनून थांबलो," तो म्हणाला, आणि माझ्यासमोरच संत्रं सोलायला लागला.

मग किसनराव आले. हॉर्न वाजवत, धुरळा उडवत, सदऱ्याची बाही फडफडत. पाच मिनिटं दहा सेकंद! गाडीतून उतरले तेव्हा सत्तरीचा तो माणूस धापा टाकत होता, जसं काही गाडी त्यानंच ओढत आणली होती.

"इतकी कायले पळवली तुमी?" मी हळूच म्हणालो. "हे लोक मुद्दाम हळू आले."

"तुमीच तं म्हनलं, गाडी किती पळते ते पाहाचं हाय," किसनराव म्हणाले. "मंग मी दाखवली ना."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि नियमही बरोबर होता. हिशेब केला तर भैय्याजींच्या कोऱ्या गाडीला पाच किलो वजन आलं, निकेशच्या जीपला शून्य, आणि नालवाडीतल्या सगळ्यात जुन्या गाडीला चाळीस किलो. मी तो तक्ता मंडळाच्या फळ्यावर चिकटवला. लोकांनी वाचला आणि माझ्याकडं पाहिलं. असं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्या नियमानं चोराले बक्षीस अन् सज्जनाले पोतं," अंजू म्हणाली. "माह्या भावाचं बोंड तेवढं दिसलं होतं तुमाले."

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मी ते मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी किसनरावांकडं गेलो. नाचणगावला त्यांची शेती, पण लेकींच्या शिक्षणासाठी तीस वर्षांपूर्वी नालवाडीत घर केलेलं. दोन्ही लेकी त्याच फियाटमधून सासरी गेल्या. आता घरात ते, मनकर्णाबाई आणि गाडी. मनकर्णाबाईंचं दसऱ्याआधी मोठं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन उत्तम झालं, पण तेव्हापासून त्यांची अन्नावरची वासना उडाली होती. मी गेलो तेव्हा त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि समोर ताटलीत भाकरीचा चतकोर तसाच वाळत होता.

मी किसनरावांना म्हणालो, "चाचणी खोटी झाली. मी तुमचं वजन चाळीसचं दहा करतो. माझी चूक मी सगळ्यांपुढं कबूल करीन." हे वाक्य मी वाटेत चार वेळा घोकलं होतं. माझ्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं.

किसनरावांनी माझा हात धरून मला गाडीच्या मागं नेलं.

"कमी नका करू बाबू," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पंचेचाळीस करा."

मला वाटलं, म्हातारा रागावून बोलतोय.

"डाक्टर म्हनते, पुढच्या औषधाच्या आधी हिचं वजन पंचेचाळीस झालं पाह्यजे. आता अडतीस हाय का एकोनचाळीस, कोनाले मालूम. मी हात जोडले, लेकींनं फोनवर रडून पाह्यलं, ते काई खातच नाई. म्हनते, कोनासाठी खाऊ, लेकी आपल्या घरी सुखी हायेत. पन या गाडीवर तिचा भल्ला जीव हाय. तुमच्या सातव्या नियमात वजन एकसंध पाह्यजे, मानूस चालत नाई असं कुठं लिहिलं?"

तसं कुठंच लिहिलं नव्हतं.

"मी तिले सांगतो, तू पंचेचाळीस भरली नाई तं गाडी बाद. काटेबाबू कोनाचं ऐकत नाई, हे साऱ्या वर्ध्याले मालूम हाय."

बावीस वर्षांत लोकांनी माझ्याकडं वजन कमी-जास्त करायला काय काय आणून दिलं होतं! तूप आणलं, हरभरा आणला, एकानं तर बकरीचं पिल्लू आणलं. कधी हात हलला नाही. आणि हा माणूस रिकाम्या हातानं उभा होता, डोळे पुशीत. मला फार भरून आलं, हे कबूल करतो. कोणी पाहत नाही असं बघून मी मंडळाच्या फळ्यावरच्या तक्त्यात चाळिसातल्या शून्याचा पाच केला. माझ्या हातून झालेली ती पहिली खोटी नोंद.

पुढच्या रविवारी किसनराव मनकर्णाबाईंना घेऊन जिनिंगमध्ये आले. सरकीची पोती मोजायचा काटा मी धुऊन पुसून ठेवला होता, आणि भोवती तरटाचा पडदा बांधला होता, कारण बाईमाणसाचं वजन ही काही चारचौघांत बोलायची गोष्ट नाही. त्या पदर आवरून काट्यावर उभ्या राहिल्या. साडेअडतीस.

"म्हंजे साडेसहा कमी," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं जरा रोखून पाहिलं. "सरकीचं पोतं नाई चालत का?"

"सरकी दर्शनाले पायऱ्या चढते का?" किसनराव म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकर खाल्ली, ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली होती.

आता इथं भैय्याजींच्या डोक्यात व्यापारी डाव आला. त्यांनी मंदाबाईंना समजावलं, की मनकर्णाबाई पंचेचाळीसवर थांबल्या तर गाडी जमून जाईल, पण त्या पंचावन्न झाल्या तर किसनरावांची गाडी केळझरच्या अलीकडंच दम तोडेल. "रोज काहीतरी तुपातलं पाठव त्यायच्याकडं," ते म्हणाले. झालं! दुसऱ्या दिवसापासून भैय्याजींकडून डिंकाचे लाडू सुरू झाले. हे निकेशला कळलं, तेव्हा आपण मागं राहायला नको म्हणून त्यानं आपल्या आईकडून पाटवड्यांची भाजी पाठवली. मग पुरणपोळी, मग रोडगे, मग वडाभात. एका प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी दोन घरांनी जेवढं शिजवलं, तेवढं आमच्या गल्लीत कोणाच्या लग्नातही शिजलं नव्हतं.

आणि मंदाबाई नुसता डबा ठेवून परत येणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या समोर बसून खाऊ घालायच्या. आधी डाव म्हणून बसत, मग गप्पांसाठी बसायला लागल्या. एकदा मनकर्णाबाईंना उलटी झाली, तर त्यांची पाठ चोळत बसल्या आणि घरी येऊन रडल्या. भैय्याजींनी विचारलं, "डाव कसा चालला?" तर त्यांनी "चुलीत घाला तुमचा डाव" असं उत्तर दिलं, हे खुद्द भैय्याजींनीच मला सांगितलं.

दर रविवारी काटा. साडेएकोणचाळीस. चाळीस. एका आठवड्यात पुन्हा एकोणचाळीस, तेव्हा किसनराव दिवसभर गाडी पुसत बसले. मग एक्केचाळीस, साडेबेचाळीस. मी पडद्याबाहेर येऊन आकडा सांगायचा आणि फाटकापाशी उभी असलेली माणसं तो ऐकून पुढं पळायची. कापसाचा भाव ऐकायलाही इतकी माणसं कधी जमली नव्हती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी नवंच संकट उभं राहिलं. मनकर्णाबाई दर्शनाला जाणार, हे ठरलेलंच होतं. मंदाबाईंनी पाच किलो सरकीची पिशवी गाडीत ठेवलेली पाहिली आणि भैय्याजींना विचारलं, "सरकीले जागा हाय, मले नाई?" भैय्याजींनी चौदा मिनिटांची ती चाचणी देऊन पाच किलोंवर सुटका करून घेतली होती, आता मंदाबाई आणि त्यांची नागपूरची बहीण मागच्या सीटवर येऊन बसल्या. वजन विचारलं, तर मंदाबाई म्हणाल्या, "लिहा पन्नास." मी लिहिलं. खोटी नोंद नंबर दोन. निकेशच्या शून्य किलोच्या जीपमध्ये त्याची आई, दोन मावश्या, एक आत्या आणि भजनी मंडळातल्या पाच जणी चढल्या. मी हिशेब मांडून पाहिला, तर चाचणीतली सगळी लबाडी एका दर्शनात फिटली होती.

रविवारी सकाळी सात वाजता अख्खी गल्ली जिनिंगच्या आवारात जमली. मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून काट्यावर चढल्या. मी वजनं ठेवली, दांडीकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं. पंचेचाळीसला पाव किलो कमी.

मी पडद्याबाहेर आलो. एक फुंकर मारली असती तरी दांडी सरळ झाली असती. पण ते मला जमत नाही, आणि मुख्य म्हणजे ते चाललंही नसतं. डॉक्टरच्या काट्याला माझी फुंकर कुठून लागणार?

"पाव किलो कमी हाय," मी शेवटी म्हणालो.

किसनरावांनी गाडीची किल्ली हळूच खिशात ठेवली. नियमानं गाडी बाद होती, आणि नियम माझा होता.

तेवढ्यात भैय्याजी ओरडले, "ऐ, थांबा! शर्यत आठले सुरू होते, आता कुठं सातवर दहा मिनटं झाले. लाडू आना!"

मंदाबाई आत धावल्या. पदराखालचा डबा उघडला. एक लाडू, दुसरा लाडू, आणि वर लोटीभर पाणी. अख्खं आवार पडद्याकडं कान लावून उभं होतं. "घाई नका करू, हळूहळू चावा," असं निकेश बाहेरून सांगत होता. बापूराव कोणी न विचारताच म्हणाले, "पोटातलं वजन एकसंधच धरावं लागते. इत्यादीत बसते."

दांडी सरळ झाली. पंचेचाळीस! मी ओरडलो, आणि लोकांनी असा गलका केला की फॅक्टरीचा चौकीदार पळत आला.

शर्यतीबद्दल आता काय सांगू? ताशी चाळीसच्या आत तिन्ही गाड्या एकामागून एक निघाल्या. केळझरला पायऱ्यांखाली बापूराव शिक्का घेऊन बसले होते. पण बायकांनी ठरवलं की दर्शन सगळ्यांनी मिळून घ्यायचं, आणि मनकर्णाबाई हळू चढतात तर बाकीच्यांनीही हळूच चढायचं. दुसऱ्या फेरीला कोणी उतरलंच नाही, कारण झाडाखाली डबे उघडले होते. शेवटी तिन्ही गाड्या शेजारीशेजारी एका ओळीत नालवाडीत शिरल्या. ज्या बरोबरीसाठी परदेशात एवढी डोकेफोड चालते, ती आमच्याकडं जेवणाच्या डब्यांनी साधली. पहिला कोण, हा वाद अजून मिटलेला नाही. भैय्याजी म्हणतात त्यांचं बोनेट वीतभर पुढं होतं.

दहावा नियम असा होता की शर्यतीनंतर पुन्हा वजन करायचं. सगळे थकून घरी गेले होते. तरी मनकर्णाबाई किसनरावांना गाडीतच बसवून एकट्या आत आल्या. काट्यावर चढल्या. साडेपंचेचाळीस. आकडा टिपून मी पडद्याबाहेर आलो.

"काटेबाबू," त्या पडद्याआडून म्हणाल्या, "बावीस वर्सं झाली तुमाले काट्यावर, पन खाडाखोड नाई जमत. शून्याचा पाच केलता ना? मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाले मंडळात गेलती तवाच पाह्यला, पयल्यांदा काट्यावर याच्या आधी."

मी मान खाली घातली. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

"म्हंजे तुमाले पयलेपासून मालूम होतं? मंग बोलल्या काऊन नाई?"

"काय बोलू?" त्या काट्यावरून सावकाश उतरल्या. "यायनं गाडीच्या नावानं खोटं सांगतलं. ते तं नवराच हाय, सांगनारच. पन तुमच्यासारख्या मानसानं माह्यासाठी खोटं लिहिलं. मंग मीनं दोन घास खाऊ नये का?"

मी पडद्याच्या अलीकडं उभा होतो ते बरं झालं.

बाहेर किसनरावांनी हॉर्न वाजवला. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि जाता जाता दारातून वळल्या.

"पुढच्या सालच्या तक्त्यात माह्या नावापुढं पन्नास लिहा. अन् आता खरं लिहा."

त्या गेल्यावर मी कोरा कागद काढला. किसनरावांची गाडी, वजन पन्नास किलो. आकड्यात लिहिलं, आणि खाली अक्षरीही लिहिलं, म्हणजे पुढं मलासुद्धा त्यात काही बदलता येऊ नये.